रो-हाउसच्या मधल्या अंधारात उजेड कसा आणायचा

रो-हाउसचं काम काढलं की पहिला घाव बहुतेक वेळा हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीवर पडतो. भिंत गेल्यावर जागा मोकळी होते, पण भर दुपारीही घराच्या मध्यावर दिवा लावावाच लागतो. डाव्या-उजव्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्यामुळे उजेडाला आत यायला फक्त पुढची आणि मागची बाजू उरते. तो किती आतपर्यंत पोचेल हे मुख्यतः खिडकीची वरची कड जमिनीपासून किती उंच आहे यावर ठरतं. म्हणून कामाचा क्रम उलटा लावायला हवा. आधी उजेड मोजायचा, मग छत आणि जिना कुठे उघडता येईल ते बघायचं आणि भिंती पाडायचा विचार शेवटी करायचा.

अंधार नेमका कुठे आहे

ढोबळ नियम असा की, खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. तिच्या दुपटीइतक्या, फार तर अडीचपट अंतरापर्यंत कामाला येईल असा उजेड पोचतो. वरची कड ७ फुटांवर असेल तर हे अंतर साधारण १४ फूट. घर १६ फूट रुंद आणि ४२ फूट खोल असेल, तर पुढून १४ फूट उजळतात, मागून १४ फूट उजळतात आणि मधले १४ फूट अंधारात राहतात. म्हणजे घराचा एक तृतीयांश भाग. खिडकी रुंद केल्याने तिच्याजवळचा भाग जास्त उजळतो, उजेड जास्त आत जात नाही. याउलट वरची कड ७ वरून साडेआठ फुटांवर नेली तर उजेड ३ फूट जास्त आत जातो. जिथे छताची उंची परवानगी देते तिथे खिडकीवरचं लिंटेल (वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) वर सरकवणं हा बहुतेकदा दुर्लक्षित राहणारा उपाय आहे.

नियमावर न थांबता प्रत्यक्ष मोजा. आकाश पूर्ण ढगाळ असताना एक माणूस बाहेर मोकळ्या जागेत आणि एक आत असे उभे राहा. एकाच वेळी लक्समीटरचं, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्राचं, वाचन घ्या. आत मीटर टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून पावणेतीन फुटांवर आडवा धरायचा आणि सगळे दिवे बंद ठेवायचे. आतल्या आकड्याला बाहेरच्या आकड्याने भागून १०० ने गुणा. बाहेर १०,००० लक्स आणि आत ४० लक्स असेल तर उत्तर ०.४ टक्के येतं. खोलीची सरासरी २ टक्क्यांच्या खाली असेल तर दिवसा दिवा लागतोच, ५ टक्क्यांच्या आसपास खोली लख्ख वाटते. फोनमधलं ॲपही चालेल, कारण आपल्याला गुणोत्तर हवं आहे. फक्त आत आणि बाहेर एकाच जातीचा फोन वापरा, नाहीतर दोन्ही वाचनं एकाच फोनने लागोपाठ घ्या. उन्हात हे मोजमाप करू नका. सूर्य सरकला की आकडे बदलतात आणि काहीच कळत नाही.

घराच्या नकाशावर दर ३ फुटांवर एक आकडा लिहा. एवढा एक कागद हातात असला की आर्किटेक्टशी होणारी चर्चा एकदम ठोस होते. त्याच कागदावर एक रेघ अजून ओढा. टेबलाच्या उंचीवर डोळे ठेवून खिडकीपासून मागे सरकत जा. आकाशाचा शेवटचा तुकडा जिथे दिसेनासा होतो तिथे खूण करा. त्या खुणेपलीकडची जागा नुसत्या परावर्तित उजेडावर जगते. समोर उंच इमारत असेल तर ही रेघ खिडकीच्या बरीच जवळ येते. अशा घरात खिडकी मोठी करण्यावर खर्च करणं व्यर्थ आहे, तिथे वरूनच उजेड घ्यावा लागतो.

अंधाऱ्या भागाला त्याच्या जोगं काम द्या

मधला सगळा पट्टा उजळायलाच हवा असं नाही. संडास-बाथरूम, कपडे धुण्याची जागा, साठवणीची खोली, इलेक्ट्रिकचा बोर्ड आणि इन्व्हर्टर यांना दिवसाच्या उजेडाची गरज कमी असते. त्या गोष्टी मध्यावर एका सामाईक भिंतीला लावून ठेवा आणि पुढचे-मागचे उजेडाचे पट्टे राहण्या-जेवणासाठी मोकळे ठेवा. बऱ्याच जुन्या रो-हाउसमध्ये नेमकं उलटं असतं. मागच्या भिंतीला, जिथे सगळ्यात चांगला उजेड आणि अंगण असतं, तिथे बाथरूम आणि मोरी चिकटवलेली असते.

मोरी हलवायची तर सांडपाण्याचा उतार आधी तपासा, कारण आराखडे इथेच अडतात. ४ इंची पाइपला ४० फुटांना १ फूट उतार सोयीचा, म्हणजे दर १० फुटांमागे ३ इंच. मध्यावरून मागच्या चेंबरपर्यंत २० फूट अंतर असेल तर ६ इंच उतार लागतो. तेवढी खोली फरशीखाली मिळत नसेल तर फरशीची पातळी उचलावी लागते आणि घरात एक पायरी येते. मध्यावरच्या बाथरूमला एक्झॉस्टचा पाइप छतापर्यंत न्या. तो जिन्याच्या मोकळ्या जागेत किंवा दोन खोल्यांच्या मधल्या फटीत सोडला तर सगळी वाफ घरातच राहते.

जिना

दुमजली रो-हाउसमध्ये तळमजल्याच्या मध्यावर उजेड नेण्याची खरी वाट म्हणजे जिना. जिन्यासाठी स्लॅबमध्ये भोक आधीच असतं. त्याच्या बरोबर वर स्कायलाइट, म्हणजे छतातली काचेची खिडकी, बसवला, पायऱ्यांमधली उभी फळी काढली आणि कठड्याची भिंत काढून सळयांचं रेलिंग लावलं की एकाच जागेतून दोन मजले उजळतात. जिना भिंतीला चिकटून सरळ एका रेषेत चढत असेल तर त्याच्या बाजूला दीड-दोन फुटांची मोकळी पट्टी ठेवता येते का बघा. उजेड पायऱ्यांवरून जितका खाली येतो त्याहून या पट्टीतून जास्त येतो.

पायरीचं गणित पक्कं आहे. दोन उंच्या अधिक एक रुंदी मिळून २४ ते २५ इंच भरायला हवेत. ७ इंच उंची आणि १०.५ इंच रुंदी हे सोयीचं माप. उभी फळी काढताना दोन पायऱ्यांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी राहिली पाहिजे, नाहीतर लहान मुलाचं डोकं आत जाऊ शकतं. ७ इंची पायरीला दोन इंच जाडीची फळी लावली तरी ५ इंच फट उरते. म्हणून पायरीच्या मागच्या कडेला खाली दीड इंचाची पट्टी ठोकतात. रेलिंगच्या सळयांमधलं अंतरही ४ इंचांच्या आत. डोक्यावर प्रत्येक पायरीपाशी ७ फूट मोकळे ठेवा.

उजेडाची विहीर, म्हणजे वरून खाली उजेड आणणारी उभी मोकळी जागा, जितकी खोल तितकी ती रुंद हवी. उंची रुंदीच्या दुपटीपुढे गेली की तळाशी येणारा उजेड झपाट्याने घटतो. ४ फूट बाय ४ फुटांचा डक्ट दोन मजले खाली आणला तर तळाशी हवा मिळते, उजेड जवळपास नाही. तेवढीच जागा ८ बाय ४ करून वरच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये मोकळी सोडली तर चित्र पालटतं.

स्कायलाइट: माप, जागा आणि काच

ढगाळ आकाश माथ्यावर क्षितिजाच्या तिप्पट तेजस्वी असतं. त्यामुळे छतातली आडवी काच तेवढ्याच आकाराच्या उभ्या खिडकीच्या साधारण अडीचपट उजेड देते. हाच तिचा गुण आणि हाच धोका. खोलीत आधीच खिडक्या असतील तर स्कायलाइटचं क्षेत्रफळ जमिनीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, खिडक्या नसतील तरी १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. वरच्या उदाहरणातला मधला भाग १६ बाय १४ फूट, म्हणजे २२४ चौरस फूट. तिथे ४ बाय ६ फुटांचा स्कायलाइट पुरेसा होतो. एक मोठा घेण्याऐवजी २ बाय ६ चे दोन घेऊन दोन्ही सामाईक भिंतींलगत लावले तर उजेड भिंतींवरून घरंगळत खाली येतो, खोली रुंद भासते आणि डोळ्यांवर झगझगाट येत नाही.

स्लॅब किंवा छप्पर आणि फॉल्स सीलिंग यांच्या मधल्या उभ्या बाजू सरळ ठेवू नका. खाली जाताना त्या बाहेरच्या बाजूला पसरवा. वर ४ फूट असलेली चौकट खाली ६ फूट झाली तर तेवढ्याच काचेतून खोलीचा मोठा भाग उजळतो आणि काचेच्या कडेचा तीव्र फरकही सौम्य होतो.

काच दुपदरी घ्या. बाहेरची टफन (तापवून कडक केलेली) आणि आतली लॅमिनेटेड (मध्ये पातळ पडदा घालून चिकटवलेली). टफन काच फुटली की तिचे बारीक तुकडे खाली कोसळतात. लॅमिनेटेड तडकली तरी मधल्या पातळ पडद्याला धरून जागेवर राहते. डोक्यावर नुसती टफन काच कधीच नको. तिच्यात निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल तर ती बसवल्यावर काही वर्षांनी, कुणी हात न लावताही फुटू शकते. उष्ण हवामानात लो-ई लेप (उष्णता परतवणारा पातळ थर) असलेली काच मागताना दोन आकडे विचारा: उजेड किती टक्के आत येतो आणि सूर्याची एकूण उष्णता किती टक्के आत येते. पहिला ६० च्या आसपास आणि दुसरा ३० च्या आसपास असेल तर काच चांगली. नुसती गडद रंगाची काच उष्णतेबरोबर उजेडही अडवते, मग एवढा खटाटोप करून काय मिळवलं?

सूर्य थेट आत नको असेल तर काच आडवी न ठेवता छतावर उभी उचला. उत्तर गोलार्धात तिचं तोंड उत्तरेला ठेवलं की दिवसभर एकसारखा, सावल्या न पाडणारा उजेड मिळतो. आकाश कमी दिसतं म्हणून अशी काच दुपटीने मोठी घ्यावी लागते. आडव्या काचेवर सावली करायची तर ती बाहेरून करा. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोपर्यंत उष्णता घरात शिरलेली असते.

छत कापताना

वाशांचं छप्पर असेल तर ज्या वाशांमध्ये भोक पडतं त्याच्या दोन्ही बाजूंचे वासे दुहेरी करायचे आणि कापलेली टोकं त्यांना जोडणाऱ्या आडव्या लाकडांवर टेकवायची. तयार ट्रसचं, म्हणजे दांडे जोडून केलेल्या त्रिकोणी सांगाड्यांचं, छप्पर असेल तर एकही दांडा कापू नका. ट्रसमधला प्रत्येक तुकडा दुसऱ्याला धरून असतो. तिथे दोन ट्रसच्या मधल्या रुंदीत बसेल असाच स्कायलाइट घ्या.

काँक्रीटचा स्लॅब असेल तर आधी स्कॅनरने सळया शोधून खडूने वर आखून घ्या. मुख्य सळया कुठल्या दिशेला धावतात त्यावर भोकाची लांब बाजू कुठे ठेवायची ते ठरतं. मुख्य सळयांना समांतर ठेवली तर कमी सळया तुटतात. चारही कोपऱ्यांवर कोअर कटरने गोल भोकं पाडा, मग डायमंड ब्लेडने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापा. गोल भोक नसेल तर ब्लेड कोपऱ्यापुढे जाऊन स्लॅबमध्ये चीर सोडतं आणि पुढे तिथूनच तडा धावतो. ब्रेकर हॅमरने फोडायला परवानगी देऊ नका. धक्क्यांनी उरलेल्या काँक्रीटची सळयांवरची पकड सुटते आणि सामाईक भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या प्लास्टरला भेगा जातात. कापण्याआधी स्लॅबखाली टेकू हवेत आणि कापलेल्या कडेला लोखंडी फ्रेम किंवा नवी बीम द्यायची का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून द्यायला हवं. हे काम कोरड्या ऋतूतच काढा आणि कापायच्या आदल्या दिवशी ताडपत्रीचा तात्पुरता मांडव उभा करून ठेवा.

आता गळतीचं बघू, कारण स्कायलाइट नको म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गळती सहसा काचेतून होत नाही, काच आणि छत यांच्या जोडातून होते. भोकाच्या चौफेर तयार फरशीच्या वर ६ इंच उंच कडा बांधा. स्लॅब आणि कडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा, म्हणजे कोपरा भरून काढणारी गोलाई, द्या. काटकोनात दुमडलेलं वॉटरप्रूफिंग उन्हाने ताणलं की नेमकं दुमडीवर फाटतं. वॉटरप्रूफिंगचा थर या वाट्यावरून वर चढवून कडेच्या माथ्यापर्यंत न्या आणि वरून फ्रेमचा पत्रा त्यावर कमीतकमी २ इंच खाली उतरू द्या. काचेला ५ अंश उतार हवा. एकदम सपाट काचेवर पाणी साचतं, धूळ बसते आणि सीलंट कायम ओला राहून सुटतो. कडेच्या चढत्या बाजूला पाणी अडणार नाही असा छताचा उतार दोन्हीकडे वळवून घ्या. काच बसवण्याआधी नाल्याची तोंडं बंद करून छतावर २ इंच पाणी ४८ तास तुंबवा आणि खालून कडेला ओल येते का ते बोट फिरवून बघा. काच बसल्यावर ही चाचणी घेतली तर गळती जोडातली की फ्रेममधली हे कळत नाही.

पाऊस नसताना थंडीच्या सकाळी चौकटीवरून पाणी ठिबकत असेल तर ती गळती नाही. आतल्या दमट हवेतली वाफ थंड ॲल्युमिनियमवर निवून तिचं पाणी होतं. सीलंट लावत बसण्यात अर्थ नाही, तिथे मध्ये उष्णतारोधक पट्टी असलेली फ्रेम आणि वाफ बाहेर काढायची सोय लागते.

मागे वाढवताना

मागच्या अंगणात पूर्ण रुंदीची खोली वाढवली की मधला पट्टा आणखी काळोखतो, कारण मागची खिडकी आता दहा-बारा फूट लांब गेलेली असते. वाढीव खोलीची मागची भिंत पूर्ण काचेची केली तरी हे भरून निघत नाही. उपाय दोनच चांगले. एक, जुन्या मागच्या भिंतीलगत नव्या छतात घराच्या रुंदीइतकी ४-५ फुटांची काचेची पट्टी सोडणं. दुसरा, जुनं घर आणि नवी खोली यांच्यामध्ये छोटा उघडा चौक ठेवणं आणि एका बाजूने पॅसेजने दोन्ही जोडणं. चौकाची रुंदी भोवतालच्या भिंतींच्या उंचीइतकी मिळाली तर उत्तम, निम्मी मिळाली तरी पांढऱ्या भिंतींनी भागतं. चौकाच्या फरशीतून पाणी जायला स्वतंत्र जाळी आणि पाइप द्या, शिवाय थोडं वर दुसरं ओव्हरफ्लोचं तोंड. एकच तोंड पालापाचोळ्याने तुंबलं तर पाणी थेट घरात येतं.

नव्या पायाचा खड्डा सामाईक भिंतीलगत सलग खोदू नका. शेजाऱ्यांचा पाया तुमच्या खड्ड्यापेक्षा वर असेल तर त्याखालची माती निसटते. ३ फुटांचे तुकडे आखून एकाआड एक खोदा, भरा, काँक्रीट घट्ट झालं की मधले घ्या.

भिंत काढायचीच असेल तर

९ इंची विटांची प्लास्टर केलेली भिंत दर चौरस फुटाला साधारण ४५ किलो भरते. १२ फूट लांब आणि १० फूट उंच भिंतीचं नुसतं स्वतःचं वजन ५ टनांच्या पुढे जातं, वरचा स्लॅब आणि माणसं वेगळीच. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच रेषेत भिंत असेल, किंवा तुळया-सळया त्या भिंतीवर आडव्या येऊन टेकत असतील, तर ती भार पेलणारी समजूनच चाला. लाकडी जमीन असेल तर फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा बघा. खिळ्यांची रांग तुळईवर असते आणि फळ्या तुळयांना आडव्या असतात. बोटाने ठोकून पोकळ आवाज आला म्हणून भिंत पाडणं हा जुगार आहे.

भिंत काढली की तिच्यावरचा भार पेलायला गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई, लागतो. तो बसवण्याचा क्रम असा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबखाली टेकूंची एकेक ओळ उभी करा. मग गर्डरच्या जागेच्या वर, ३ फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीत आरपार भोकं पाडून लोखंडी आडवे दांडे घाला. १२ फुटांना चार दांडे लागतात आणि प्रत्येकाला दोन असे आठ टेकू. टेकू नुसत्या फरशीवर ठेवू नका. खाली जाड फळी टाका आणि खाली मजला असेल तर त्याच रेषेत तिथेही टेकू द्या, म्हणजे भार जमिनीपर्यंत जाईल. लोखंडी टेकू जितका जास्त उघडाल तितकी त्याची ताकद कमी होते, म्हणून उंचीला साजेसा लांब टेकू आणा. छोटा टेकू पूर्ण उघडून वापरू नका. हे सगळं घट्ट बसल्यावरच खालच्या विटा वरून खाली, हाताने काढायच्या. राडारोडा त्याच दिवशी बाहेर. विटांचा ढीग मजल्यावर साचला की स्लॅबवर नसता भार येतो.

गर्डरची टोकं दोन्ही बाजूंना किमान ६ इंच टेकली पाहिजेत, तीही थेट विटांवर नव्हे. खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक टाका आणि त्याला ७ दिवस पाणी मारून पक्का होऊ द्या. ब्लॉक भार पसरवतो. तो नसेल तर टोकाखालच्या दोन विटा चिरडतात, गर्डर पाव इंच खचतो आणि वरच्या प्लास्टरला तिरक्या भेगा पडतात. सामाईक भिंतीवर टेकायचं असेल तर शेजाऱ्यांच्या बाजूची निम्मी जाडी त्यांची, तिच्यात शिरायचं नाही. आपल्या निम्म्या जाडीत ६ इंच मिळत नसतील तर तिच्यावर टेकूच नका. भिंतीलगत लोखंडी खांब उभा करा आणि त्याला स्वतःचा पाया द्या.

गर्डर चढवल्यावर त्याच्या आणि वरच्या विटांच्या मध्ये पाऊण-एक इंचाची फट उरते. काम इथेच बिघडतं, कारण गवंडी ती ओल्या मालाने भरून टाकतात. ओला माल आटतो, फट पुन्हा उघडते आणि टेकू काढताच भिंत तेवढी खाली बसते. एक भाग सिमेंट आणि तीन भाग रेतीचा माल इतकाच ओला करा की मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. तो लाकडी पट्टी आणि हातोडीने थोडा थोडा ठासून भरा. भरलेला माल पक्का व्हायला किमान ३ दिवस द्या. टेकू एकदम न सोडता प्रत्येकाचा पेच थोडा थोडा ढिला करत फेऱ्या घ्या.

मागची भिंत पूर्ण रुंदीने काढून तिथे काच लावायची असेल तर नुसता आडवा गर्डर पुरत नाही. ती भिंत घराला बाजूला कलण्यापासून धरून ठेवत असते. तिच्या जागी दोन खांब, वर गर्डर आणि कोपऱ्यांत पक्के जोड असलेली पूर्ण चौकट लागते.

काम सुरू करण्याआधी शेजाऱ्यांकडच्या भिंतींचे तारखेसह फोटो घ्या आणि दोघांकडे एकेक प्रत ठेवा. जुन्या भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा. भेग हलली की पट्टी तडकते. १ मिलीमीटरच्या आतली भेग बहुधा प्लास्टरची असते, ५ मिलीमीटरच्या पुढे गेली तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा.

हवा, आग, आवाज

वर काच आली की उन्हाळ्यात गरम हवा वर साचते. स्कायलाइटचा एक भाग उघडणारा घ्या. तळमजल्यावर अर्धा चौरस मीटर आणि माथ्यावर तेवढंच तोंड उघडं असेल, दोघांमध्ये २० फूट उंची असेल आणि आत बाहेरपेक्षा ३ अंश जास्त तापलं असेल, तर वारा नसतानाही ताशी ८०० घनमीटरच्या आसपास हवा वाहते. ४२ फुटी दुमजली घरातली सगळी हवा तासात दोनदा बदलते. वरचं तोंड उघडं आणि खालचं बंद असेल तर यातलं जवळपास काहीच घडत नाही, म्हणून खाली जाळीची सुरक्षित झडप ठेवा.

हाच मोकळा जिना आगीत धुराची चिमणी होतो. मोकळा तळमजला करताना स्वयंपाकघराला दार ठेवणं सगळ्यात सुरक्षित. ते नको असेल तर प्रत्येक मजल्यावर एकमेकांशी जोडलेले धूरसूचक लावा. त्याशिवाय वरच्या प्रत्येक झोपायच्या खोलीत बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: किमान १८ इंच रुंद, १८ इंच उंच, एकूण साडेतीन चौरस फूट मोकळी आणि खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आत. तिला पक्की जाळी ठोकली असेल तर आतून उघडणारी करून घ्या.

सामाईक भिंतीत इलेक्ट्रिकच्या झिऱ्या (वायरसाठीच्या खाचा) मारताना उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. पलीकडच्या बोर्डाच्या पाठीला पाठ लावून बोर्ड बसवला तर बोलणंही ऐकू येतं.

ओल आणि रंग

जुन्या विटांच्या भिंतीत ओल असेल तर तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवून ती झाकू नका. ओल आत कोंडते आणि प्लास्टरच्या वरच्या कडेला नव्याने बाहेर पडते. आधी कारण काढा: बाहेरची जमीन भिंतीतल्या ओलरोधक थराच्या ६ इंच खाली आहे का, पन्हळ फुटली आहे का, पाइप गळतो आहे का. कारण दूर झाल्यावर भिंत दर इंच जाडीला साधारण एक महिना या वेगाने सुकते, म्हणजे ९ इंची भिंतीला नऊ महिनेही लागू शकतात. तोवर तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग ठेवा, त्यातून वाफ बाहेर जाते.

बाकी भिंतींना पांढऱ्याच्या जवळचा, चमक नसलेला रंग द्या. मधल्या भागात उजेड दोन-तीनदा आदळून पोचतो. भिंत ८५ टक्के उजेड परत करत असेल तर तीन धडकांनंतर ६१ टक्के उरतो. ५० टक्के परत करणाऱ्या रंगावर फक्त साडेबारा. छताला नेहमी पांढराच. पुढच्या-मागच्या खिडकीजवळची फरशी फिकी घ्या, कारण तिच्यावर पडलेला उजेड छतावर उडून आत जातो. गडद लाकूड, गडद पडदे, गडद फर्निचर आवडत असेल तर ते खिडकीच्या भिंतीपाशी नको, सामाईक भिंतीच्या खालच्या तीन फुटांत ठेवा. आणि बाकी घर रंगवायला घेण्याआधी, काच सोडून, स्कायलाइटच्या आतल्या बाजू घासून दोन हात पांढरा रंग द्या. तिथली परांची एकदा उतरली की पुन्हा कुणी चढत नाही.